शंभर नंबरची कॅसेट

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला लबाड म्हणायला नको. शंभर नंबरची कॅसेट माझ्याकडेच होती. अडतीस वर्षं होती. गिस्लेन पिरार ती कॅसेट सगळ्या जगात शोधत होती, आणि मी तिच्याच स्वयंपाकघरात बसून, तिनेच कापून दिलेला भाताचा गोड टार्ट खात, "हरवली गं कुठेतरी" म्हणत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, त्यातली काख माझी होती. आता गिस्लेन गेली. तिच्याबद्दल चार शब्द कुणीतरी सांगायला हवेत, आणि तिचं माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

आम्ही दोघी बेल्जियममधल्या व्हेर्व्हिएच्या लोकरीच्या गिरणीत रफूच्या टेबलावर होतो. मागावरून कापड उतरलं की आमच्याकडे यायचं. उत्तरेच्या खिडकीखाली उतरतं टेबल, त्यावर कापड ओढायचं, बोटांनी चाचपायचं, गाठ लागली की चिमट्याने काढायची, धागा तुटला असेल तर सुईने असा भरायचा की खुद्द विणणाऱ्यालाही कळू नये. आठ तास हेच. गिस्लेनची बोटं म्हणजे काय सांगू! डोळे मिटून सांगायची, "इथे आहे." आणि तिथे असायचंच. मुकादम म्हणायचा, "मामझेल गिस्लेन, तुम्हाला नवरा मिळणं कठीण. त्याच्यातही खोट काढाल." ती म्हणायची, "काढीन, आणि रफूही करीन." नवरा मात्र मिळाला नाही तो नाहीच.

तिच्या घरी होती आई, आणि दहा वर्षांनी धाकटा भाऊ रेजिस. बाप लवकर गेला, तेव्हा रेजिसला हिनेच वाढवलं. तो मोठा झाला आणि गिरण्या बंद पडायला लागल्या. कामं नाहीत, पोरं नदीकाठी बसून सिगारेटी ओढतायत, असे ते दिवस. त्यात ह्याला सुचलं बँड काढायचं. तो आणि त्याचा मित्र इव्हान क्लोसे, बस, दोघंच. नाव काय ठेवलं? 'लेन मोर्त'. म्हणजे मेलेल्या मेंढीच्या अंगावरून उपटलेली लोकर. गिरणीत ती आली की आम्ही शिव्या घालायचो, कारण ती रंग धरत नाही आणि हातात तुटते. मी म्हटलं, "मेल्या, दुसरं नाव नव्हतं का?" तर म्हणाला, "नोएला, हेच आमचं नाव आहे. आम्हीही रंग धरत नाही."

गाणी ऐकलीत तर हसाल. ढोल नाही, गिटार नाही. ताल धरायला विजेवरचा एक डबा टक-टक करतोय, त्यावर इव्हान एका बोटाने सूर दाबतोय, थांबतोय, परत तोच दाबतोय, आणि आमचा रेजिस रोजगार कचेरीतला फॉर्म वाचून दाखवावा तसा गातोय. प्रेमाचं एक अक्षर नाही. कशाबद्दल, तर जिन्याबद्दल, बंद खिडकीबद्दल, पाण्याच्या पाइपबद्दल. चर्चच्या हॉलमध्ये पहिला कार्यक्रम झाला तेव्हा एकवीस माणसं होती. सगळी चिडीचूप. मी एकटीने टाळ्या वाजवल्या, कारण पोराचे कान थंडीने लाल झालेले मला बघवेनात. माझा नवरा आशिल आलाच नव्हता. त्याचा रविवार कबुतरांचा. कबुतर दिसलं की कुणाचं, कुठल्या वंशाचं, हे तो अर्ध्या मैलावरून सांगेल, पण माझ्या मैत्रिणीचा भाऊ कसा दिसतो हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

तर त्यांच्या कॅसेट. पहिली निघाली एक्याऐंशीत, 'पहिली धुलाई' नावाची, चाळीस प्रती. दुसरी त्र्याऐंशीच्या सुरुवातीला, 'मऊ पाणी', साठ. आणि तिसरी 'रविवार', पुरत्या शंभर, चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत. कंपनी-बिंपनी काही नाही. कंपनी म्हणजे गिस्लेन. तिच्या खोलीत दोन टेपरेकॉर्डर वायरने जोडलेले, एकात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. एक प्रत करायची म्हणजे शेहेचाळीस मिनिटं बसायचं. आणि ही बाई नुसती बसायची नाही. कानाला हेडफोन लावून प्रत्येक प्रत पहिल्यापासून ऐकायची. खरखर आली, आवाज दबला, की पुसून पुन्हा. मग वेष्टणाला आमच्या गिरणीतल्या नापास कापडाचा राखाडी तुकडा चिकटवायचा, आत हाताने नंबर घालायचा, आणि पोस्टात टाकायचं. रेन, रुआँ, जिनिव्हा, माँत्रेआल. कुठकुठची पोरं मागवायची हे बघून मलाच नवल वाटायचं.

तिचा एक नियम होता. प्रत चालू झाली की मध्ये उठायचं नाही. आईने हाक मारली तरी "थांब, बाजू संपू दे" म्हणायची.

त्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी ती 'रविवार'ची पहिली प्रत काढायला बसली. बाहेर बर्फ पडत होता. आई जेवून मावशीकडे गेलेली. रेजिस सकाळीच कुठेतरी गेला होता, आणि जाताना दोघांची खडाजंगी झाली होती. कशावरून, तर त्याने मूळ कॅसेट द्यायला चार दिवस उशीर केला म्हणून. ही म्हणाली होती, "तुझ्या पायी मी माझे रविवार जाळते, आणि तुला वेळेवर घरी यायची अक्कल नाही." तो दार आपटून गेला. किल्ली टेबलावरच राहिली.

दुसरी बाजू चालू असताना हेडफोनमध्ये तिला ठक-ठक ऐकू आलं. तीन ठोके, मग थांबून परत तीन. तिला वाटलं डब्याचाच ताल आहे. उलट आवडलंच तिला. मनात म्हणाली, अरे वा, हे नवीन घातलंय वाटतं पोरांनी. बाजू संपली, तिने हेडफोन काढले, बाहेर अंधारून आलं होतं. खाली येऊन दार उघडलं तर उंबऱ्यासमोरचा बर्फ पायांनी तुडवून तुडवून सपाट झालेला. बराच वेळ कुणीतरी तिथे उभं होतं. तिथून पावलं पुलाकडे गेली होती. परत कुठून आली नव्हती.

रेजिस कधीच सापडला नाही. पोलिसांनी नदी ढवळली, इव्हानला तीनदा बोलावलं, ब्रसेल्सची हॉस्पिटलं पालथी घातली. काही नाही. गिस्लेनने मूळ कॅसेट पुन्हा लावून ऐकली. त्या गाण्यात तसे ठोके नव्हतेच. हे तिने मला सांगितलं ते टेबलावर, कापड चाचपता चाचपता, माझ्याकडे न बघता. म्हणाली, "नोएला, तो दार वाजवत होता आणि मी ताल धरला होता."  मी तिला समजावत राहिले की वाऱ्याने फळी आपटली असेल. ती ऐकणारी नव्हती.

पण उरलेल्या नव्व्याण्णव प्रती तिने केल्या. आईच म्हणाली, "कर. लोकांनी मागवल्यात. तो आला आणि गेल्या नाहीत म्हणून समजलं तर घर डोक्यावर घेईल." दोन महिने रोज संध्याकाळी एक, रविवारी पाच-सहा. मेच्या सुरुवातीला शंभरावी झाली ती तिने मला दिली. म्हणाली, "ही तुझी. टाळ्या वाजवणारी तू एकटीच होतीस." मी घेतली, तिला मिठी मारली, आणि घरी नेऊन रेडिओशेजारी ठेवून दिली. खरं सांगते, लावून ऐकली नाही. रेजिसचा आवाज ऐकायची हिंमत नव्हती, आणि गाणी आवडत नव्हती ती वेगळीच.

आता माझं पाप. मे महिना म्हणजे कबुतरांच्या शर्यती. दर रविवारी सकाळी रेडिओवर माणूस गावांची यादी वाचायचा. कुठल्या गावाहून पाखरं सोडली, किती वाजता, कुठे धुकं आहे म्हणून थांबवलीत. आशिल असायचा मागे अंगणात, कबुतरखान्यापाशी, मान वर करून. त्याला काही ऐकू जायचं नाही, म्हणून यादी मी लिहून घ्यायची. अशाच एका रविवारी मी वेळ चुकीची लिहिली आणि त्याने मला आठवडाभर टोमणे मारले. "सात तीसचं आठ तीस! अगं, तू गिरणीत रफू करतेस की भोकं पाडतेस?" मग मी म्हटलं, थांब बाबा, ह्या वेळी रेकॉर्डच करते. शोधली तर कोरी कॅसेट एक नाही. यादी सुरू झाली. हाताशी होती ती घातली, दुसरी बाजू वर होती, रेकॉर्डरचा माइक रेडिओसमोर धरला आणि दोन बटणं दाबली. विकतच्या कॅसेटला मागे दोन इवलेसे प्लास्टिकचे कान मोडलेले असतात, त्यावर असं करता येत नाही. गिस्लेनच्या घरच्या कॅसेटला ते शाबूत होते. यादी संपली, मी आशिलला वेळ ओरडून सांगितली, आणि मशिन बंद करायचं विसरले. बाजू संपेपर्यंत ते चालतच होतं.

जुलैत गिस्लेनला एक पत्र आलं. रेनच्या कुणा मुलाचं, त्याच्याकडे आठ नंबरची प्रत होती. लिहिलं होतं, गाणी फार आवडली, पण दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी, गाणं संपून मिनिटभर शांतता गेल्यावर, एक माणूस एकच शब्द बोलतो तो गाण्याचा भाग आहे का? मग जिनिव्हाहून तेवीस नंबरवाल्याचं पत्र. तेच, पण शब्द वेगळा. गिस्लेनने दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. तिने प्रत्येक प्रत ऐकली होती खरी, पण कशी? गाणं संपलं की हेडफोन उतरवून. शेवटच्या त्या कोऱ्या मिनिटात खोट कसली असणार? सगळ्या कापडाला बोटं लावणारी बाई, काठ तेवढा बघायचा विसरली.

घरात तिची स्वतःची एक नंबरची प्रत होती. तिने शेवट ऐकला. रेजिस म्हणत होता, "गिस्लेन." मूळ कॅसेटमध्ये तिथे काहीही नव्हतं.

एकेका प्रतीत एकेक शब्द. त्या रविवारी बंद दारासमोर उभा राहून तो जे काही बोलला असेल ते नंबरवारीने शंभर प्रतींत वाटलं गेलं होतं, आणि त्या तिने आपल्या हाताने चार देशांत पाठवून दिल्या होत्या.

त्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "नोएला, तुझी शंभर नंबरची आण." मी घरी गेले, कॅसेट हातात घेतली, आणि तेव्हा डोक्यात लख्ख झालं की दुसऱ्या बाजूचा शेवट मीच पुसून टाकलाय.  दुसऱ्या दिवशी टेबलावर म्हटलं, "सापडत नाहीये गं. भावाच्या पोरांनी नेली बहुतेक." एकदा खोटं बोललं की त्याला खतपाणी घालावंच लागतं. मी कॅसेट बिस्किटाच्या डब्यात घातली आणि डबा माळ्यावर टाकला.

पुढचं सगळं आयुष्य म्हणजे एक वही. शाळकरी, चौकटीची. एक ते शंभर आकडे घातलेले. एक प्रत परत आली की एक शब्द भरायचा. ती पत्रं लिहायची, सुट्टी काढून गाडीने जायची, कुणाकुणाच्या दारात उभी राहायची. काहींनी लगेच दिल्या. कुणाचं लग्न मोडून कॅसेट बायकोकडे राहिलेली, ही त्या बायकोच्या आईपर्यंत पोचली. एकजण द्यायला तयारच नव्हता, त्याच्या घरी जाऊन शेवटचं मिनिट ऐकून आली. एक मला तिने ऐकवली. बारा नंबर. मी म्हणत होते, "मला नको बाई," पण तिने हेडफोन कानावर ठेवलेच. नुसती सूं-सूं. मग अगदी कानाशी, ओठ लावून बोलावं तसं, दात वाजत असलेला आवाज म्हणाला, "मोजे."  मी हेडफोन फेकून दिले. नाही म्हणणार नाही मी, ऐकलं ते ऐकलं.

गिरणी बंद पडली, तिने शाळेच्या खानावळीत नोकरी धरली. आई गेली. माझा आशिल शहाण्णवमध्ये गेला, झोपेतच, आणि मी कबुतरं विकून टाकली. इव्हान क्लोसे दातांचा डॉक्टर झाला, त्याने ह्या विषयात तोंड उघडलं नाही. त्याला विचारलं की म्हणायचा, "गिस्लेन, मी तो डबा विकला. मला स्वप्नं पडायची." वही पन्नाशीपर्यंत पोचली आणि तिथेच अडकली.

मग दोन हजार अकरात पॅरिसहून एक दाढीवाला मुलगा आला. त्याला 'लेन मोर्त'ची तिन्ही ध्वनिमुद्रणं काळ्या तबकडीवर काढायची होती. म्हणे आता जगभर पोरं हे ऐकतात, कोरियात, मेक्सिकोत. मी म्हटलं, "तिथे थंडी कमी पडते का, म्हणून ही गारठलेली गाणी ऐकतात?" गिस्लेनने सहीसाठी पैसे मागितले नाहीत. म्हणाली, "मला उरलेल्या प्रती शोधून दे." त्याने शोधल्या. इंटरनेटवर काय काय सापडतं! तबकड्या आल्या, जाड, सुंदर, आमच्या राखाडी कापडाचा फोटो वर. शेवटच्या त्या मिनिटात त्यांच्यात काही नव्हतं, स्वच्छ शांतता. काळे कोट घातलेली पोरं बंद गिरणीसमोर फोटो काढायला येऊ लागली. तशी चौऱ्याऐंशीतही दोन-चार आली होतीच, टपाली पत्ता घेऊन, चुकून आमच्या गल्लीत. आता घोळक्याने यायची. गिस्लेन त्यांना कॉफी द्यायची आणि विचारायची, "तुमच्याकडे कुठल्या नंबरची आहे?"

एकोणीस साली नव्व्याण्णवावी आली, माँत्रेआलहून. वही तिने मला वाचून दाखवली, सलग, कुठे थांबायचं ते तिलाच ठाऊक. "गिस्लेन मी आहे दार उघड किल्ली आत राहिली बर्फ फार आहे मोजे भिजले..." असं चालत चालत, अगदी साधं. सूपचा वास येतोय म्हणे. वर दिवा दिसतोय म्हणे. सकाळचं मनात ठेवू नकोस म्हणे. आणि शेवटी, "आईला उठवू नकोस तुझी बाजू संपू दे मी इथेच."

तिथे वही संपली. शंभरचा आकडा आणि पुढे रिकामी ओळ.

"मी इथेच काय, नोएला? मी इथेच मरतो? मी इथेच तुला सोडून जातो? एका शब्दासाठी पस्तीस वर्षं झाली गं."

मी काय करावं? तोंड उघडायचं होतं. उघडलं, आणि म्हटलं, "टार्टमध्ये दालचिनी जास्त झालीय आज." चोराच्या मनात चांदणं, मला वाटायचं तिला कळलंय. तिला कळलं नव्हतं. माझ्यावर विश्वास होता तिचा, तेच तर.

एकवीसच्या जुलैत व्हेद्र नदी घरात शिरली तेव्हा गिस्लेन छातीएवढ्या पाण्यात उभी होती, कॅसेटची पेटी नि वर ती वही डोक्यावर धरून. आईचे दागिने, कागदपत्रं, सगळं गेलं. त्या पाण्याने तिच्या फुप्फुसात ठाण मांडलं ते सुटलं नाही. पुढच्या हिवाळ्यानंतर तिला वृद्धाश्रमात ठेवलं. नोव्हेंबरात डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता फार दिवस नाहीत." मी आत गेले तर ती म्हणाली, "कुजबुजू नका, मला माहीत आहे. मरणाची भीती नाही वाटत. पण तिकडे तो दारात उभा असेल ना? आणि मला काय म्हणणार आहे तेच मला ठाऊक नाही. ही भीती वाटते."

त्या दिवशी घरी येऊन मी शिडी लावली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माळ्यावर चढले, पडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅसेट तिच्या पांघरुणावर ठेवली. राखाडी कापड, आत तिच्याच अक्षरात शंभर. ती नुसती बघत राहिली. मी सगळं सांगितलं, रडत, नाक पुसत. कबुतरं, यादी, कोरी कॅसेट नव्हती, सगळं. "मला शिव्या दे," म्हटलं, "थोबाडीत मार." तिने त्या राखाडी तुकड्यावरून बोट फिरवलं. मग माझा हात धरला.

"तुझ्या हातून चुकून झालं," ती म्हणाली. "मी तर मशिनच सोडलं नव्हतं. लाव, ऐकू या."

"त्यात काय ऐकणार? गावांची नावं आहेत."

"लाव गं."

लावली. रेडिओवाला माणूस, अजून तस्साच, नाकात बोलणारा. "लाँ. आकाश निरभ्र. सात तीस वाजता सोडली." मग बाकीची गावं. यादी संपली, माझी खुर्ची सरकली, मी वेळ ओरडून सांगितली. मग नुसतं आमचं स्वयंपाकघर. किटली, घड्याळ, उघड्या खिडकीतून चिमण्या. आणि मग अंगणातून माझा आशिल. सव्वीस वर्षांनी.

"नोएला! फाटकात कुणी पोरगा उभा आहे."

"ओरडू नकोस, मेल्या, पाखरं यायची वेळ झाली!" हा माझा आवाज. केवढा तरणा आणि केवढा कडू.

"अगं, चिंब भिजलाय. नुसता कापतोय. म्हणतो, गिस्लेन दार उघडत नाही."

"कॅसेटवालं कार्टं असेल कुणी, फ्रान्सहून आलेलं. सांग त्याला, नंतर ये म्हणावं. आत घेऊ नकोस, हालचाल दिसली तर कबुतर छपरावरच बसून राहील!"

आशिल काहीतरी पुटपुटला. आणि मग, फाटक तर स्वयंपाकघरापासून वीस पावलांवर होतं, पण आवाज आला तो माइकला ओठ लावून बोलल्यासारखा. दात वाजत होते.

"बरं, मस्यू. थांबतो मी."

गिस्लेनची बोटं माझ्या हातावर घट्ट झाली. टेप चालतच होती. आशिल ओरडला, "आला! निळा आला!" कबुतराच्या पायातली रबरी कडी शर्यतीच्या घड्याळात टाकून वेळेचा खटका मारल्याचा आवाज, आमचं दोघांचं हसणं, आणि खट्. बाजू संपली. मे महिना होता तो. निरभ्र आकाश होतं. पोरगा हरवून तीन महिने झाले होते.

गिस्लेन हसत होती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. तिने वही मागितली, शंभरच्या पुढे लिहिलं, "थांबतो". "रागावला नव्हता गं," म्हणाली. "माझा भाऊ रागावलाच नव्हता. नुसता थांबला होता." मीही हसले. देवा, सुटले, असं वाटलं मला. अडतीस वर्षांनी माझ्या हातून काहीतरी चांगलं घडलं होतं.

मग तिने डोळे पुसून सहज विचारलं, "मग तू गेलीस फाटकापाशी?"

"कधी?"

"नंतर. पाखरं उतरल्यावर. तो थांबतो म्हणाला ना."

मला खोटं बोलता आलं असतं. माझ्याइतका सराव कुणाला आहे? पण ती माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "सगळी पाखरं आली, मग आम्ही जेवायला बसलो. मी विसरूनच गेले."

तिने माझ्या हातातला हात काढून घेतला. रागाने नाही, हळूच, आणि पांघरुणाखाली ठेवला. त्यानंतर ती अकरा दिवस जगली. मी रोज जायचे. ती बोलायची माझ्याशी, हवेबद्दल, नर्सबद्दल, कॉफी पातळ आहे म्हणून. हात मात्र तिने परत बाहेर काढला नाही.